मेसच्या दारावरची नोटीस

शंभू सुटून आला, त्याच शुक्रवारी बहरीनमधल्या सलमाबादच्या लेबर कॅम्पच्या साहेबांनी समाधान क्लार्कला नोटीस लावायला सांगितली: खोली नऊमधला शंभू चोरीपायी सहा महिने तुरुंगात होता, सर्वांनी सावध राहावं. समाधानचं अक्षर कुणालाच लागत नसे. कॅम्पच्या नोटिसा आणि न शिकलेल्यांची घरची पत्रं तुरुंगात जाईपर्यंत शंभूच लिहायचा. “दे इकडं,” शंभू म्हणाला. स्वतःचं नाव, स्वतःचा गुन्हा त्याने वळणदार अक्षरात उतरवला आणि कागद मेसच्या दारावर चिकटवला. वाचणाऱ्यांनी बाकीच्यांना सांगितलं. जेवताना शंभूशेजारी कुणी बसलं नाही. मग दत्तू उठला. शंभूने चोरलेलं घड्याळ त्याचंच होतं. समाधान दोघांच्या मध्ये पडायला धावला. पण दत्तूने हवाई टपालाचं कोरं एरोग्राम शंभूच्या ताटाशेजारी ठेवलं. “माजी बायकू काळजीत आसंल,” तो म्हणाला. “लिव, सा महिनं लिवणारा गावाला गेलता.”