टकला बोकड

लॉवेल गावच्या कापडगिरणीत मागांचा खडखडाट एवढा, की आम्ही विणकर पोरी नुसत्या ओठांनीच बोलायचो. मुकादम क्रॉसबीला ओ की ठो कळत नाही, या खात्रीनं त्याच्या तोंडावरच त्याला 'टकला बोकड' म्हणायचो. त्या दिवशी शेजारच्या मागावरून टॅबिथाचे ओठ हलले, "तेरा तास राबणं बास झालं. दुपारची घंटा झाली, की सगळ्यांनी संपावर जायचं. पुढे सांग." सांगायला वळले, तर समोर क्रॉसबी! त्याच्या पाठीमागे गिरणीचे साहेब. माझ्या हातातला सुताचा धोटा निसटला. क्रॉसबीनं तो उचलला. परत देताना त्यानं साहेबांकडे पाठ केली आणि आवाज न काढता ओठ हलवले, "माझी आई मागावरच बहिरी झाली, पोरी. मला सगळं कळतं." मी धोटा घेतला. त्याचे ओठ पुन्हा हलले, "संपाची कुणकुण लागून साहेबांनी फाटक बंद केलंय. मागच्या दारानं जा. टकल्या बोकडानं कुलूप काढलंय."