पेरभर खोल विहीर

आजचं गाव गिऱ्हाईकाला पसंत पडलं तर केदारला कायमचं काम मिळणार होतं आणि हेमाचं विश्रांतवाडीला माहेरी निघून जाणं टळणार होतं. कंपनीने घरी बसवलेल्या माणसाला यापेक्षा मोठा नफा कुठला?

टेबलावर राक्षस आणि योद्धे लढवायच्या खेळासाठी त्याने थर्माकोलचं पडकं गाव रंगवलं होतं. राहिली होती पेरभर खोल विहीर. तिच्यात पाण्यासारखं दिसणारं रेझिन ओतलं की झालं.

त्याने अख्खी बाटली ओतली. विहीर कोरडीच राहिली, खालचा कागदही कोरडा.

“हेमा, जेवून घे गं.”

“पोट भरलंय,” हेमा आतल्या खोलीतून म्हणाली. “सकाळपासून उपाशी असून. तेवढीच तुझी बचत.”

त्याने दुसरी बाटली तिरकी केली.

“केदार, पुरे.” तिचा आवाज चिकट झाला होता. त्याचा हात थांबला, तशी तिने धापा टाकत श्वास घेतला. त्याने एक थेंब सोडून पाहिला. आतल्या खोलीत घोट गिळल्याचा आवाज झाला.

बेल वाजली. “काय केदार सर, वसलं का गाव?” गिऱ्हाईकाने दाराबाहेरून विचारलं.

“दोनच मिनिटं,” म्हणत केदारने बाटली उपडी केली.

विहीर काठोकाठ भरली, काचेसारखी नितळ. आतल्या खोलीतून या वेळी ‘पुरे’ आलं नाही.

हेमाचं माहेरी जाणं तेवढं टळलं.