पत्ता नसलेली विनंती

केळशीच्या घरी पडवीत बसून वेदिका पुण्यातल्या कंपनीचं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचा जथा, सांभाळायची. त्यातल्या कुठल्या कंटेनरने, म्हणजे प्रोग्रामच्या बंद डब्याने, कुणाशी बोलायचं, याचे नियम तीच लिही. आज तिने अनोळखी विनंत्यांना वाट बंद केली होती.

तरी एक विनंती येतच राहिली. पाठवणाऱ्याच्या पत्त्याची जागा कोरी. नाकारली की पुन्हा यायची, आणि दर वेळी मागच्या दाराची कडी हलकेच वाजायची.

"वारा असेल गो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

माडाची एक झावळही हलत नव्हती. दुपार समुद्राच्या गाजेवर पेंगत होती.

नकारांच्या ढिगाखाली क्लस्टर गुदमरायला लागलं, तेव्हा वेदिकाने नियम बदलला. येऊ दे.

कडी थांबली.

पडवीत बसल्याजागी तिला मागच्या दाराशी कुणाशी तरी बोलणाऱ्या आईचा आवाज ऐकू आला, "आलीस? बस हो. अगो वेदिका, पाय किती भिजलेत तुझे!"