ओळख पटेल असं काही

गोजरबाईंच्या पत्राला राधाकृष्णकाकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र पावसाळ्याआधी आलं होतं आणि आता ज्वारी निसवून कणसं दिसायला लागली होती.

अक्षर नातीचं, मोनिकाचं होतं. शब्द गोजरबाईंचे. गाव सोडून राहात्याला भावाच्या आसऱ्याला आलो, इथं आमचं कुणाला काही ठाऊक नाही, मोनिकाला शाळेत घातलंय, तेवढं पेपरात गावाचं नाव येऊ देऊ नका. बाकी काही मागणं नव्हतं. मोनिकाचा सोळा वर्षांचा भाऊ खुनाच्या आरोपाखाली निरीक्षणगृहात होता.

उत्तर दोन ओळींचं होतं आणि काकांना ते पाठ होतं. पण सही करायची वेळ आली की पेन थांबायचं. नुसतं नाव कोरडं वाटे. ‘आपला’ लिहावं तर हात वळत नसे. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, आपलं एक धड उतरत नाही, असं म्हणून ते पत्र पुन्हा शब्दकोशात ठेवून देत.

काका नगरच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. बाकीचे पडद्यावर वाचत, त्यांच्यासाठी मात्र पान कागदावर काढलं जाई. त्या संध्याकाळी वार्ताहर धनश्रीने पान त्यांच्यासमोर ठेवलं नाही, हातातच धरलं.

“आजच्या सुनावणीची बातमी आहे, काका. मी बघते.”

“दे इकडं.”

ती सकाळी बाल न्याय मंडळापाशी गेली होती. काकांनाही तिने फाटकापाशी लिंबाखाली उभं पाहिलं होतं. प्रत्येक तारखेला ते रजा टाकून तिथे येत. आत कुणाला सोडत नसत. साध्या कपड्यातल्या पोलिसाबरोबर मुलगा आला, त्याने काकांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा की नाही, याचा निर्णय पुढच्या तारखेवर गेला.

काकांनी लाल पेन उघडलं. आधी ‘नगर’चं ‘अहिल्यानगर’ केलं. मग ‘घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात’ खोडून ‘एका आठवडे बाजारात’ लिहिलं. ‘आरोपी टपरीचालकाचा मुलगा’ यातलं ‘टपरीचालकाचा मुलगा’ खोडलं. शेवटी ‘मयत ओम’ यावर आले, थोडं थांबले, तेही खोडलं आणि वर लिहिलं, ‘एक तरुण’.

आदिनाथ मागे उभा होता. पाथर्डीकडून येऊन महिनाच झालेला नवा उपसंपादक.

“काका, आरोपी अल्पवयीन आहे. त्याची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, कबूल. पण ज्याचा खून झाला त्या ओमचं नाव छापायला कुठे बंदी आहे?”

“ओमचं नाव आलं की गाव कळतं. गाव कळलं की पोरगं कळतं.”

“कळू दे की. खुन्याला किती जपायचं?”

खुनाच्या पहिल्या बातमीत हेच झालं होतं. मुलाचं नाव तेवढं झाकलं होतं. गाव, टपरी, ओमचं नाव, सगळं छापलं. दुपारपर्यंत गोजरबाईंच्या दारावर दगड पडले. काका तेव्हा रजेवर होते. पान त्यांच्या नजरेखालून गेलंच नव्हतं.

“तुमचंही गाव तेच ना?” आदिनाथने विचारलं. “भावकीतला असेल. नातू लागत असेल तर तसं सांगा, काका. पण पेपर भावकीसाठी नसतो. त्या ओमच्या आईबापाला काय वाटत असेल? पोर गेलं ते गेलं, आता नावसुद्धा नको?”

धनश्री खुर्चीतून अर्धी उठली. काकांनी हातानेच तिला बसवलं.

“ते काही म्हणणार नाहीत,” ते म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

काका पुढची ओळ वाचू लागले.

आदिनाथ तडक संपादकांकडे, हनुमंतरावांकडे गेला. काकांचं सगळं लक्ष त्या काचेच्या दाराकडे होतं. नाव छापा, असा एक शब्द आतून आला असता, तर उद्या राहात्याच्या शाळेत मोनिकाकडे बोटं वळली असती. दार उघडलं. आदिनाथचा चेहरा पडलेला होता. काका म्हणतील तसंच जाऊ दे, असं हनुमंतरावांनी मान वर न करता सांगितलं होतं.

“मोठ्यांची भावकी मोठी,” आदिनाथ पुटपुटला आणि पान घेऊन गेला.

शेवटच्या एसटीने काका गावी पोचले. लंकाबाई ताट वाढून बसली होती. तारखेच्या दिवशी ती काही विचारत नसे, आज विचारलं.

“कसं दिसत हुतं पोरगं?”

“वाळलंय.”

“बोललं का काई?”

“न्हाई. खाली बघितलं.”

“जेवत नसंल. आपल्याकडं आलं की तीन भाकरी खायचं.” तिने ताटावरची माशी हाकलली. “गोजराक्काला लिव्हलं का?”

“सही सुचत न्हाई.”

“सुचायचं काय त्यात? तुमी कोण हायेत ते लिव्हा. वाट बघत असंल ती.”

सकाळी काकांनी आंतर्देशीय पत्र घेतलं. पेपरात गावाचं नाव येणार नाही. मोनिकाला शाळेत पाठवत जा. पोस्टाच्या लाल पेटीपाशी येईपर्यंत सहीची जागा कोरीच होती. तिथेच त्यांनी पत्र पेटीवर टेकवलं, आपलं नाव लिहिलं, नावाखाली लिहिलं, ‘ओमचे वडील’, आणि पत्र आत टाकलं.