घड्याळवाल्यासमोरचा बाक

“आता डावीकडे की उजवीकडे हो?” बायकोनं निवृत्त आचाऱ्याला विचारलं.

“डावीकडे,” त्यानं ठोकून दिलं.

“उजवीकडे ना? तुम्हीच तर लिहिलं होतंत, चिनी देवळाला वळसा घालून म्हणून.”

“हो, हो. इतक्या वर्षांत सगळं बदललंय गं.”

खरी गोष्ट अशी, की पस्तीस वर्षं जहाजावर पातेली ढवळलेल्या या गृहस्थानं या शहरात कधी पायच ठेवला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका परक्या बंदरात तो असा रस्ता चुकला, की जहाज सुटता सुटता कसाबसा शिडीला लागला. त्यानं जमिनीचा धसकाच घेतला. बंदर आलं की बाकीचे गावात हुंदडायला जात, आणि हा भटारखान्यात कांदे सोलत त्यांच्या परतल्यावरच्या गप्पा ऐके. त्या ऐकीव गोष्टी तो बायकोला स्वतःच्या म्हणून लिहून कळवी. एकाच गल्लीतली मशीद आणि चर्च, पाच भाषांतल्या पाट्या, आणि तो बाक. ‘जहाज लागलं की रोज दुपारी घड्याळवाल्यासमोरच्या बाकावर बसून तुझी आठवण काढतो,’ हे वाक्य तर त्यानं कितीदा लिहिलं होतं.

आणि आता तिनं हट्टानं इथे आणलं होतं. तिच्या वाट्याला नवरा असा आलाच नव्हता, आली होती ती पत्रं. तीही थापा निघाली तर तिच्या हाती उरलं काय? या विचारानं त्याला रात्री झोप लागली नव्हती.

ती मात्र पुढे झपाझप चालत होती. पत्रं पर्समध्ये होती, पण तिनं एकदाही उघडली नाहीत. तोंडपाठ आहेत म्हणाली.

“जपून हं, पुढे पायरी उंच आहे,” ती वळणाआधीच म्हणाली.

ऊन चढलं होतं. “मी पाठवलेली छत्री आणायचीस ना,” तो म्हणाला. “मुठीवर मासा कोरलेली.” तीही त्यानं एका सोबत्याकरवी मागवली होती.

“ती कधीच हरवली. धाकटा शाळेत जायला लागला त्या वर्षी बहिणीकडे गेले होते ना, तेव्हा.”

त्याला आठवलं. त्याच वर्षापासून तिची पत्रं चार ओळींची झाली होती. पोरांच्या मागे वेळ मिळत नसेल, असं समजून त्यानं आपली पत्रं आणखी लांबवली होती.

गल्ली संपली. समोर घड्याळवाल्याचं दुकान होतं आणि खरोखरच एक बाक होता. त्याला हायसं वाटलं. ती एका कडेला बसली आणि तिनं शेजारची जागा हातानं झटकली.

“बसा. तुमचीच जागा.”

त्याला बसवेना. आता सांगून टाकायचं, होईल ते होवो, असं त्यानं ठरवलं.

“अगं, ऐक. मी इथे कधी…”

दुकानातून म्हातारा घड्याळवाला बाहेर आला. डोळ्यावरचं भिंग वर सारून त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो आत गेला आणि एक छत्री घेऊन आला. मुठीवरच्या माशाला पिवळी पडलेली चिठ्ठी बांधली होती.

“बाई, कुणाची वस्तू राहिली की मी चिठ्ठी बांधून ठेवतोच,” तो हिंदीत म्हणाला. “तीन दिवस बसून होतात इथे, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. भेटले का हो मग तुमचे यजमान?”