वेणूबाईंच्या फियाटचा पंप

गॅरेजवाल्या दीपेशने गाडीतला खोललेला पाण्याचा पंप शिवानीच्या पुढ्यात धरला आणि विचारलं, "वैनी, या गाडीला खारं पाणी कोण पाजतं?"

शिवानीने वाकून बघितलं. आतला पंखा उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता आणि कडेने मिठाचा पांढरा थर बसला होता. तिला लगेच उलगडा झाला. रोज सकाळी सासरे कळशी घेऊन दर्याकाठच्या खडकांकडे जातात, हे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. देवासाठी पाणी आणत असतील, असं समजून तिने कधी विचारलं नव्हतं.

"आमचे आबा," ती म्हणाली. "दुसरं कोण!"

दीपेशने कपाळावर हात मारला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात अंबाजी तांडेलांना कोण ओळखत नाही? उभा जन्म स्वतःची होडी दर्यात नेलेला माणूस. होडीचं इंजिन दर्याच्या पाण्यावर थंड होतं, मग गाडीचं का नको, असं त्यांना वाटलं असणार.

"तांडेलांनी फियाटची होडी केली की हो!" दीपेश हसत हसत म्हणाला आणि त्याने टेबलावर दोन नवे पंप मांडले. "हा बघा, बिडाचा. अस्सल, जुन्या साठ्यातला, मुंबईत शोधून आणलाय. गोडं पाणी घालत राहा, गाडी भंगारात जाईल पण पंपाला काही व्हायचं नाही. आणि हा ॲल्युमिनियमचा, हल्लीचा. हलका आहे, पण खारं पाणी लागलं तर दिवाळीसुद्धा बघायचा नाही."

यात निवडायचं ते काय? शिवानीच्या नवऱ्याने, कमलेशने, पनवेलहून फोनवर बजावलंच होतं, "अस्सलच घे. हे जुन्या गाड्यांचे शौकीन बारीकसारीक बघतात. दिवाळी झाली की तो पुण्याचा माणूस पुन्हा येतोय. या खेपेला गाडी विकली गेलीच पाहिजे." आधी तो दोनदा आला, दोन्ही वेळा काशीदच्या चढावर गाडी तापली, वाफ सोडून बसली आणि बिचारा हात हलवत परत गेला.

गाडी जावी असं शिवानीलाही वाटायचं, खोटं कशाला बोला! ती म्हसळ्याकडची, भातशेतीवाल्या घरातली. अंगण अडवून बसलेली आणि ऊन चढलं की सुक्या बोंबलाचा वास सोडणारी ही गाडी तिला लग्नापासून नकोशी होती. गाडी सासूबाईंची, वेणूबाईंची. बसमध्ये लोक टोपलीकडे बघून नाकं मुरडतात, म्हणून त्या बाईने हट्टाने जुनी फियाट घेतली, नऊवारी नेसून चालवायला शिकली आणि पुढे जन्मभर अलिबागच्या बाजारात मासळी नेली ती स्वतःच्या गाडीतून. टोपल्या मागच्या सीटवर, आबा तिच्या डावीकडे. आबांना गाडी चालवता येत नाही, आजतागायत येत नाही. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, तरी संध्याकाळ झाली की ते अंगणात जातात आणि आपल्या डाव्या सीटवर बसून राहतात. आताही गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत ते तिथेच बसले होते.

"चालवता येत नाही, तर आबांना करायचीय काय गाडी?" कमलेश म्हणायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं.

शिवानी गाडीपाशी गेली. म्हाताऱ्या माणसाला त्याची चूक दाखवायची म्हणजे जिवावर येतं. ती शक्य तितक्या गोडीने म्हणाली, "आबा, होडीचं वेगळं आणि गाडीचं वेगळं. हिला नळाचंच पाणी घालायचं असतं हो. खाऱ्याने पंप खराब झाला."

"व्हय का?" आबा समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. "मना म्हायीत न्हवतं."

"असू दे. नवीन बसवतोय. दोन आणलेत त्याने, एक बिडाचा आणि एक ॲल्युमिनियमचा."

आबांनी दीपेशकडे चोरून पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "पोरी, त्यातला लवकर कंचा मरंल?"

शिवानी जागच्या जागी थबकली. असं कोण विचारतं? कुठला टिकेल, असं विचारतात माणसं. आणि मग तिच्या ध्यानात आलं. गाडी चालवायची सासूबाईंनी आणि पाणी भरायचं आबांनी, ही तर त्या दोघांची पहिल्यापासूनची वाटणी. इतकी वर्षं याच माणसाने पाणी भरलं आणि पंप एकदाही गेला नव्हता. जायला लागला तो कमलेशने गिऱ्हाईक बघायला घेतल्यापासून.

आबा मान खाली घालून बसले होते. भर तुफानात होडी काठाला आणणारा माणूस सुनेच्या तोंडाकडे बघायला घाबरत होता. आपण सगळे यांना भोळे समजत बसलो, आणि यांनी एकट्याने एवढं सगळं केलं, कोणापाशी एक शब्द न बोलता!

"मग वैनी, अस्सलच बसवू ना?" दीपेशने आतून हाक दिली.

"नको. ॲल्युमिनियमचा बसवा."

"अहो, पण कमलेशदादा तर..."

"त्यांना काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही बसवा."

दीपेश खांदे उडवून कामाला लागला. शिवानी खिडकीपाशी वाकली. मग तिने आबांच्या हातावर हात ठेवला.

"आबा, खडकांवर शेवाळ फार झालंय," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही जायचं नाही. खारं पाणी मी आणत जाईन."