ऐंशी किलोचं कपाट

सामान हलवण्याच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या दाजींना कपाट नुसतं हलवून त्याचं वजन कळायचं.

"ऐंशी किलो," जिना उतरण्याआधी ते मेहुण्याला म्हणाले. "खालच्या माणसावर जास्त भार येतो. म्हणून पन्नास माझे, तीस तुझे. सांग तुझ्या बहिणीला, कसा नवरा मिळालाय."

जिन्याच्या वळणावर दाजींची पाठ भिंतीला टेकली. मागे भिंत, पुढे कपाट, सटकायला जागा नाही. तेवढ्यात त्यांच्या हातातले पन्नास किलो वीस झाले, मग पाच, मग काहीच उरलं नाही.

"जास्त शहाणपणा नको," ते वर बघून ओरडले. "सगळं वजन एकट्याने घेतलंस तर कंबर धरेल!"

मेहुण्याने दोन्ही हात वर करून दाखवले. "मी मघाशीच सोडलंय, दाजी. मला वाटलं, तुम्हीच पेललंय."

दाजी हसले. वजन म्हणजे वजन, ते कुणाच्या तरी हातावर असणारच. खात्री करायला त्यांनीही हात काढून घेतले.

कपाट त्यांच्या छातीसमोर अधांतरी, अगदी स्थिर राहिलं.

मग, दमलेला हमाल पकड बदलतो तेव्हा ओझं जसं जरासं हेलकावतं, तसं ते दाजींच्या दिशेने हेलकावलं.